खिडक्यांवरील वादळी फळ्या

सदर : घरकारभार

घराच्या बांधणीवरून त्या मुलखाचें हवापाणी ओळखतां येतें. कोंकणांतील उभ्या उताराचीं छपरें पाहिलीं कीं तेथें पाऊस किती कोसळत असेल हें परक्या माणसासही निराळें सांगावें लागत नाहीं. अमेरिकेच्या आग्नेय टोंकाला असलेल्या फ्लॉरिडा राज्यांत एखाद्या नेटक्या गृहस्थाच्या घरीं गेलें, तर मोटार ठेवण्याच्या खोलींत प्लायवुडच्या फळ्यांची एक थप्पी रचलेली आढळते. प्रत्येक फळीवर ठळक अक्षरांत 'स्वयंपाकघर', 'जिन्याची खिडकी', 'ही बाजू वर' असें कांहीं तरी लिहिलेलें असतें, आणि शेजारीं एका डब्यांत मोजून ठेविलेले स्क्रू असतात. त्या थप्पीकडे पाहून समजावें कीं, ह्या घरच्या माणसांनीं चक्रीवादळाचा विचार आकाश स्वच्छ असतांनाच करून ठेविला आहे.

हा विषय आमच्या वाचकांस दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. आज आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबांतील एखादा मुलगा, जांवई, भाचा किंवा पुतण्या फ्लॉरिडांत, टेक्सासच्या किनाऱ्यावर किंवा कॅरोलिनांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेला असतो. घरचीं वडील माणसें सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरांत, म्हणजे इकडे गौरी-गणपतींची गडबड चालू असतांना, तिकडून दूरध्वनि येतो कीं, "वादळ येत आहे, खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत, काळजी करूं नका." ऐकणाऱ्या आजींच्या मनांत साहजिकच येतें कीं, घरेंच्या घरें मोडून टाकणाऱ्या वाऱ्यापुढें ती एवढीशी फळी काय करणार? प्रश्न अगदीं रास्त आहे. त्याचें उत्तर समजून घेतलें तर काळजी कांहीं अंशीं कमी होईल, आणि जी काळजी खरोखर करावयास पाहिजे ती योग्य जागीं होऊं लागेल.

प्रथम वाऱ्याविषयीं. अटलांटिक महासागरांतील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात, आणि त्याचा कळस साधारणतः १० सप्टेंबरच्या सुमारास असतो. वाऱ्याचा सलग वेग ताशीं ७४ मैल, म्हणजे सुमारें ११९ किलोमीटर झाला कीं त्या वादळास 'हरिकेन' ही संज्ञा लागते. पुढें वेगानुसार पांच प्रती केलेल्या आहेत. ताशीं १११ मैलांपासून तिसरी प्रत सुरू होते, आणि तेथून पुढच्यांस मोठीं वादळें म्हणतात. १५७ मैलांपासून पांचवी व शेवटची प्रत. ह्या आंकड्यांच्या बाबतींत एक गोष्ट ध्यानांत धरावी. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. चार फूट लांब व चार फूट रुंद अशा साध्या खिडकीवर ताशीं १०० मैलांचा वारा समोरून आदळला, तर तिच्यावर सुमारें ४०० पौंडांचा, म्हणजे १८० किलोंच्या आसपास भार पडतो. तोच वारा १५० मैलांचा झाला कीं भार ९०० पौंडांवर जातो.

तथापि काच बहुधा केवळ दाबानें फुटत नाहीं. वाऱ्याबरोबर उडत येणारीं कौलें, झाडांच्या फांद्या, कुंपणाच्या पट्ट्या, अंगणांतील खुर्च्या व कुंड्या हे तिचे खरे शत्रु होत. दक्षिण फ्लॉरिडांत नारळाचीं झाडें आहेत. झाडावर राहिलेला नारळ तोफगोळ्यासारखा येतो, हें कोंकणच्या माणसांस समजावून सांगणें नलगे. एक खिडकी फुटली म्हणजे नुकसान त्या एका खिडकीपुरतें राहत नाहीं. वारा त्या वाटेनें आंत शिरतो, बाहेर पडण्यास त्यास तितकीच मोकळी वाट नसते, आणि घर आंतून फुगूं लागतें. त्याच वेळीं छपरावरून वेगानें जाणारा वारा छपरास वर ओढीत असतो. आंतून रेटा व वरून ओढ अशा दोन्ही शक्ति एकाच दिशेनें लागल्या कीं छप्पर भिंतींपासून सुटतें. छप्पर गेलें म्हणजे भिंतींचा वरचा आधार जातो, आणि पाऊस आंत येऊन उरलासुरला संसार नासवून टाकतो. घराचें हें कवच अभंग राहावें म्हणून फळी लावावयाची. काच हें त्या कवचांतील सर्वांत नाजूक ठिकाण होय.

अमेरिकेस ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन पटली. २४ ऑगस्ट १९९२ रोजीं पहाटे अँड्र्यू नांवाचें वादळ मायामी शहराच्या दक्षिणेस, होमस्टेड गांवाजवळ किनाऱ्यावर चढलें. एकट्या डेड परगण्यांत २५,००० हून अधिक घरें नष्ट झालीं व सुमारें एक लाख घरांस कमीअधिक इजा पोंचली. पुढें दहा वर्षांनीं, २००२ सालीं, आंकडे पुन्हां तपासून तें वादळ पांचव्या प्रतीचें ठरविण्यांत आलें. मोडलेल्या घरांची पाहणी करणाऱ्यांना ठिकठिकाणीं दोन दोष आढळले: छपराचे तक्ते खालच्या लांकडांस नीट ठोकलेले नव्हते, आणि खिडक्या कोणत्याही आच्छादनावांचून होत्या. त्यानंतर १९९४ सालापासून त्या भागांत खिडक्यांच्या झडपांस व काचांस एक कठोर परीक्षा लागू झाली. नऊ पौंड वजनाची लांकडी पट्टी सेकंदास ५० फूट वेगानें त्यांवर मारतात, आणि त्या आघातानंतर तीच वस्तु हजारों वेळां दाबून व ओढून पाहतात. ह्यांत जी टिकेल तीच नव्या घरास चालते. १ मार्च २००२ पासून सबंध राज्यास एकच बांधकाम-नियमावली लागू झाली. आणि २००४ सालच्या चार्ली वादळानंतर, नव्या नियमांनीं बांधलेल्या घरांची हानि जुन्या घरांपेक्षां कमी असल्याचें दिसून आलें.

फळीकडे वळण्यापूर्वीं दोन चुकीच्या समजुती दूर केल्या पाहिजेत. पहिली, काचेवर चिकटपट्टीच्या फुल्या मारण्याची. त्यामुळें काचेचें बळ तिळभरही वाढत नाहीं; उलट फुटल्यावर तिचे मोठाले तुकडे एकमेकांस चिकटून अंगावर येण्याची भीति असते. दुसरी समजूत अशी कीं, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एखादी खिडकी किंचित् उघडी ठेवावी, म्हणजे आंतला व बाहेरचा दाब सारखा होईल. ही समजूत फसवी आहे. वादळ जसजसें पुढें सरकतें तसतशी वाऱ्याची दिशा फिरते. मघां जी आडोशाची बाजू होती तीच कांहीं वेळानें समोरची होते. म्हणून सर्व दारें-खिडक्या घट्ट बंद ठेवाव्या, आणि आंतील खोल्यांचीं दारेंसुद्धां लावून घ्यावीं. तेवढ्यानेंही छपरावर येणारा आंतला रेटा कमी होतो.

आतां फळी. तिकडे प्लायवुडचा तक्ता चार फूट बाय आठ फुटांचा मिळतो. वादळी फळीसाठीं पांच-अष्टमांश इंच, म्हणजे सुमारें १६ मिलिमीटर जाडीचा तक्ता घ्यावा असा सर्वसाधारण सल्ला आहे. एक-दोन मजली घरांसाठीं सात-षोडशांश इंच, म्हणजे ११ मिलिमीटर जाडीपर्यंत नियमावलींत मुभा दिलेली आहे. परंतु ती किमान मर्यादा समजावी. लांकडाच्या कपच्या दाबून केलेला तक्ता स्वस्त मिळतो. मात्र उडत्या वस्तूचा मार सोसण्याच्या कामीं त्याच जाडीचें प्लायवुड त्याहून सरस असतें. सोळा मिलिमीटरच्या पुऱ्या तक्त्याचें वजन पन्नास ते साठ पौंड भरतें. एकट्यानें शिडीवर चढवावयाची ही वस्तु नव्हे, हें येथेंच लक्षांत घ्यावें.

माप घेतांना खिडकीच्या भगदाडाची लांबी-रुंदी घेऊन चारी बाजूंस चार-चार इंच जास्त धरावे, म्हणजे फळी भिंतीवर चांगली टेकते. प्रत्येक खिडकीचें माप निराळें घ्यावें. दोन खिडक्या डोळ्यांस सारख्या दिसल्या तरी मापांत क्वचितच सारख्या असतात. प्लायवुडच्या वरच्या थराचे दोरे ज्या दिशेनें जातात त्या दिशेनें तें अधिक ताठ असतें. तेव्हां खिडकीची जी बाजू आंखूड असेल तिच्या दिशेनें दोरे येतील अशा बेतानें तक्ता कापावा. खिडकी फार रुंद असेल तर फळीच्या बाहेरच्या अंगानें दोन-बाय-चार मापाच्या लांकडी पट्ट्या कडेवर उभ्या कसाव्या, म्हणजे फळी मध्यें वांकत नाहीं. वांकलेली फळी काचेस जाऊन भिडली तर तिचा उपयोग उरला नाहीं असें समजावें. म्हणून फळी व काच ह्यांमध्यें मोकळें अंतर राहील अशी योजना असावी.

फळी कशी लावावयाची, हा ह्या कामाचा गाभा आहे. आपण सहज 'ठोकल्या' असें म्हणतों, परंतु खिळे ठोकून भागत नाहीं. वारा फळीस नुसता आंत दाबीत नाहीं. भिंतीच्या कडेनें व आडोशाच्या बाजूनें तो तिला बाहेर ओढतोही. दाबाच्या वेळीं भिंत फळीस आधार देते. ओढीच्या वेळीं सारा भार खिळ्यांवर येतो, आणि गुळगुळीत खिळा दर झोतासरशीं थोडा थोडा वर येत अखेर निसटतो. मळसूत्राची पकड तशी सुटत नाहीं. ह्यास्तव स्क्रू किंवा बोल्टच वापरावे.

घर लांकडी बांधणीचें असेल तर भिंतीच्या बाहेरील पातळ आवरणांत किंवा खिडकीभोंवतीच्या शोभेच्या पट्टींत स्क्रू पिळून कांहीं साधत नाहीं. तसेंच खिडकीच्या स्वतःच्या चौकटीसही फळी कसूं नये. चौकट विलायती राळेची किंवा ॲल्युमिनियमची असते, ती फळीसकट उपटून येईल. आवरणाच्या आंत भगदाडाच्या दोन्ही अंगांस जे उभे लांकडी खांब असतात, त्यांत स्क्रू गेला पाहिजे. तीन फूट बाय चार फूट किंवा त्याहून लहान खिडकीस पाव इंची, षट्कोनी डोक्याचे लॅग बोल्ट पुरे होतात. ते लांकडांत निदान पावणेदोन इंच शिरले पाहिजेत. त्याहून मोठ्या खिडकीस तीन-अष्टमांश इंची बोल्ट घ्यावे आणि ते अडीच इंच खोल जावे. भोकें फळीच्या कडेपासून अडीच इंच आंत घेऊन बारा-बारा इंचांच्या अंतरानें चारी बाजूंस पाडावीं. प्रत्येक बोल्टाच्या डोक्याखालीं रुंद वायसर घालावा, नाहीं तर ओढ बसल्यावर डोकें फळींतून आरपार जातें.

फ्लॉरिडांतील पुष्कळ घरें सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचीं असून वरून गिलावा केलेलीं असतात. तेथें भिंतींत ड्रिलनें भोंक पाडून त्यांत पसरणारी धातूची खुंटी बसवितात. भोंक भगदाडाच्या अगदीं कडेस घेऊं नये, कोपरा उडतो. ह्या खुंट्या एकदां बसविल्या कीं कायमच्या राहतात. हंगाम नसतांना त्यांचीं तोंडें लहान टोपणांनीं झांकून ठेवावीं, म्हणजे गंज धरत नाहीं व भिंतही वाईट दिसत नाहीं. बाहेर थोडें टोंक राहील अशी बोल्टाची खुंटी बसविली, तर पुढें फळी तिच्यांत अडकवून हातानें पिळावयाची कानांची चाकी लावली कीं काम झालें. घरांतील स्त्रियांनाही हें पान्यावांचून करतां येतें. विटांच्या भिंतींत खिडकी खोल बसविलेली असेल, तर फळीच्या दोन्ही कडांना बसणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या कड्या मिळतात. त्यांचे दांत विटेस धरून बसतात आणि भिंतीस भोंक पाडावें लागत नाहीं. मात्र त्यांसाठीं फळी खिडकीच्या खोबणींत बसेल अशी काटेकोर मापाची कापावी लागते. तेथें वर सांगितलेले चार इंच जास्त धरावयाचे नाहींत.

हें सर्व काम केव्हां करावयाचें, ह्यावर त्याचें यश अवलंबून आहे. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्राकडून वादळाच्या दोन सूचना निघतात. सोसाट्याचा वारा सुरू होण्यापूर्वीं सुमारें ४८ तास सावधगिरीची सूचना येते, आणि सुमारें ३६ तास आधीं प्रत्यक्ष इशारा. अठ्ठेचाळीस तास ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु त्यांतच नोकरीवरून घरीं यावयाचें, मुलांना शाळेंतून आणावयाचें, पाणी, औषधें व मोटारीचें तेल भरून घ्यावयाचें, आणि लांकडाच्या वखारीसमोर सबंध गांवाबरोबर रांगेंत उभें राहावयाचें. रांगेच्या टोंकाला पोंचेपर्यंत प्लायवुड संपलेलें असतें. शिल्लक असलेंच तर तक्ता घरीं आणून, कापून, भिंतीस भोकें पाडून, दहा-बारा खिडक्यांना लावीपर्यंत वारा सुरू होतो. आणि वाऱ्यांत हातीं धरलेली फळी म्हणजे शीड होय. शिडीवरील माणसास ती खालीं घेऊन येते. अशा पडण्यानें व करवतीनें होणाऱ्या इजा वादळ यावयाच्या आधींच इस्पितळें भरूं लागतात. ह्यासाठीं माप, कापणी, भोकें व खुंट्या हीं सारीं कामें मे महिन्यांत उरकावीं, एकदां सर्व फळ्या लावून पाहाव्या, आणि काढून ठेवाव्या. मग इशाऱ्याच्या दिवशीं दोन माणसांचें कांहीं तासांचें काम उरतें. त्यांत वरच्या मजल्याच्या खिडक्या आधीं घ्याव्या. वर चढणें धोक्याचें असेल, तर तेथें आंतून ओढून घेतां येतील अशा कायमच्या झडपा बसवून घेणें शहाणपणाचें.

फळ्या ठेवण्याचीही रीत आहे. कापलेल्या कडांना रंग द्यावा, कारण ओल प्रथम कडेनें शिरते आणि थर सुटूं लागतात. फळ्या जमिनीपासून उंच, सपाट, कोरड्या जागीं ठेवाव्या. भिंतीस तिरक्या टेंकून ठेविल्यास त्या वांकतात. प्रत्येक फळीवर खिडकीचें नांव, वरची बाजू व बाहेरचें अंग लिहावें, आणि भोकें फळीवर व भिंतीवर जुळतात कीं नाहीं हें दरवर्षीं एकदां पाहावें. घरांत वडील मंडळी पाहुणी असतील तर हें काम त्यांच्याकडे आनंदानें द्यावें. आयुष्यभर लोणच्याच्या बरण्यांवर सालवार चिठ्ठ्या लावणाऱ्या हातांइतके चोख हात ह्या कामास दुसरे मिळणार नाहींत. आणि परक्या गांवीं आपण नुसते ओझें आहों असें म्हाताऱ्या माणसांस वाटूं न देणें, हाही एक लाभच.

प्लायवुड हा उपाय सर्वांत स्वस्त आहे, सर्वांत उत्तम नव्हे. ॲल्युमिनियमचे किंवा पोलादाचे लाटदार पत्रे, घडी होऊन बाजूला सरणाऱ्या झडपा, आणि दोन काचांमध्यें चिवट पापुद्रा घातलेली आघातसह काच हे त्याहून चांगले व त्याच मानानें महाग उपाय आहेत. जेथें नियम कडक आहेत अशा मायामीकडील भागांत नव्या घरांना परीक्षा उतरलेली झडप किंवा काचच लागते. ज्यांस परवडेल त्यांनीं दर वर्षीं दोन-दोन खिडक्या करीत तिकडे वळावें. आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेंतून सुटते. घरांतील सर्वांत मोठें भगदाड खिडकी नसून मोटारखोलीचें दार असतें. तें आंत ढकललें गेलें तर सगळ्या खिडक्यांना लावलेल्या फळ्या व्यर्थ गेल्या. तें दार वादळी वाऱ्यास पुरेसें आहे काय, हें प्रथम पाहावें.

येथवर वाऱ्याचा विचार झाला. परंतु माणसें मरतात तीं पुष्कळदां पाण्यानें. २८ सप्टेंबर २०२२ रोजीं इयन वादळ फ्लॉरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आलें, तेव्हां फोर्ट मायर्स बीच येथें समुद्राचें उधाण जमिनीपासून दहा ते पंधरा फूट चढलें. त्या वादळानें प्रत्यक्ष घेतलेल्या बळींत बुडून मेलेल्यांची संख्या सर्वांत मोठी होती. पंधरा फूट पाण्यापुढें प्लायवुड काय करणार? उलट अशा वेळीं फळ्या घात करतात. त्यांच्यामुळें घर सुरक्षित झालें असें वाटून माणूस घरांतच राहतो, आणि पाणी चढूं लागल्यावर खिडकीवाटे बाहेर पडण्याचा मार्गही त्यानें स्वतःच्या हातानें बंद केलेला असतो. तिकडील आपत्तिव्यवस्थेच्या लोकांत एक म्हणच पडून गेली आहे कीं, वाऱ्यापासून लपावें आणि पाण्यापासून पळावें. फ्लॉरिडांत किनाऱ्याजवळच्या वस्तीचे ए, बी, सी अशा अक्षरांनीं विभाग पाडलेले आहेत. ए विभागांतील लोकांना सर्वांत आधीं निघण्याचा हुकूम होतो. हुकूम झाला कीं फळ्या लावून व्हावयाच्या असोत वा नसोत, निघावें. फार दूर जावें लागतें असेंही नाहीं. शेंकडों मैल नव्हे, उंचवट्यावरच्या भक्कम घरापर्यंत वीस-तीस मैल गेलें तरी बहुधा पुरतें.

येथेंच आपल्या एकत्र कुटुंबांची खरी कसोटी लागते. घरांत सासरे पाऊणशें वर्षांचे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, तान्हें मूल, आणि देवांचे टांक नुकतेच पुण्याहून आणून मांडलेले. वडील म्हणतात, "तुम्हीं मुलांना घेऊन जा, आम्हीं येथेंच बसतों, खिडक्या बंद केल्याच आहेत." हें बोलणें मायेपोटीं असतें, परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं कोणीच निघत नाहीं. मुलगा वडिलांना टाकून जाणार नाहीं, सून नवऱ्यास टाकून जाणार नाहीं, आणि चर्चेंत वेळ निघून जातो. रस्ते बंद होतात. म्हणून निघावयाचें किंवा नाहीं हा निर्णय वादळाच्या दिवशीं करावयाचा नसतो. हंगामाच्या आरंभींच सर्वांनीं बसून, घर कोणत्या विभागांत आहे तें पाहून, 'हुकूम आला तर सगळीं एकदम निघावयाचें' असें ठरवावें, आणि त्यास वडिलांनीं आधीं होकार द्यावा. औषधें, चष्मे, पारपत्रें, देव, दागिने व दोन दिवसांचे कपडे एका पिशवींत तयार असावे. वडीलपणाचा मान राखला जातो तो असा, सर्वांत आधीं पायांत वहाणा घालून.

उधाणाच्या टापूबाहेरील भक्कम घरांत राहिल्यास कांहीं नियम पाळावे. एक तरी दार आंतून झटकन् उघडतां आलें पाहिजे. आग लागली तर फळ्यांनीं मढविलेलें घर हा पिंजराच. वादळ चालू असतांना खिडक्यांपासून दूर, घराच्या मध्यभागच्या बिनखिडकीच्या खोलींत बसावें. मध्येंच वारा थांबून आकाश निवळलें तर तो वादळाचा डोळा असूं शकतो. दुसऱ्या बाजूचा वारा लगेच येणार आहे हें जाणून बाहेर पडूं नये. वीज गेल्यावर पुष्कळजण तेलावर चालणारें वीजयंत्र लावतात; तें कधींही घरांत, मोटारखोलींत किंवा खिडकीजवळ लावूं नये. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. २७ ऑगस्ट २०२० रोजीं लुइझियाना राज्यांत लॉरा वादळ आलें, तेव्हां वादळांतून सुखरूप निघालेलीं अनेक माणसें पुढें ह्या विषारी वायूनें दगावलीं. आणि वादळ ओसरलें कीं आळस न करतां फळ्या काढाव्या, पुसून, वाळवून जागच्या जागीं ठेवाव्या.

आपल्या किनाऱ्यास ह्यांतून काय घेण्यासारखें आहे? ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यांत अलिबाग-श्रीवर्धनच्या बाजूस किनाऱ्यावर आलें. मे २०२१ मध्यें तौक्ते आपल्या किनाऱ्याच्या कडेकडेनें गुजराथेंत गेलें. निसर्गांत श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, आणि घरांचीं कौलें व पत्रे उडाले. आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांस लोखंडी गज व जाड लांकडी झडपा आहेत. त्यांचें काम त्या बरें करतात. आपलें दुबळें ठिकाण छप्पर होय, आणि प्लायवुडची फळी छपरास उपयोगी नाहीं. मुंबईकडील नव्या उंच इमारतींत सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत, पण आठव्या मजल्यावर बाहेरून फळी लावणार कोण? तेव्हां फ्लॉरिडाचा उपाय जसाचा तसा उचलण्यांत अर्थ नाहीं. घ्यावयाचा तो त्यामागील विचार: घरास वारा कोठून शिरेल तें ठिकाण आधीं शोधावें, आणि तें सुताराकडून पावसाळ्यापूर्वीं पक्कें करून घ्यावें. पत्रे वाशांना आंकड्यांनीं नीट धरलेले आहेत काय, वासे भिंतीस बांधलेले आहेत काय, झडपांच्या बिजागऱ्या व अडसर शाबूत आहेत काय, एवढें तरी पाहावें. पावसाळा लागण्यापूर्वीं झावळांचीं विणलेलीं झापें ओटी-पडवीला बांधणाऱ्या लोकांस, काम ज्या त्या ऋतूच्या आधीं करावें, हें नव्यानें शिकविण्याची जरूरी नाहीं.

ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांनीं मे अखेरच्या एखाद्या रविवारीं दूरध्वनीवर तीन प्रश्न विचारावे. फळ्या कापून, नांवें घालून तयार आहेत काय? घर उधाणाच्या कोणत्या विभागांत येतें? आणि निघण्याचा हुकूम झाल्यास कोणाच्या घरीं जावयाचें ठरलें आहे? पहिल्या दोहोंचीं उत्तरें बहुधा लगेच मिळतील. तिसऱ्यास उत्तर मिळेपर्यंत दूरध्वनि खालीं ठेवूं नये.